काथवटीवरचं नाव

१

नॅट टिअर्नीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि करपल्याचा वास आला. स्काउस, म्हणजे आमचा मटण-बटाट्याचा रस्सा, तळाला लागत होता. नॅट म्हणजे हंडीवरून नजर न हलवणारा माणूस, त्यामुळे तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दर शनिवारी संध्याकाळी, माझा पब उघडण्याआधी, मी लाल कोबीच्या लोणच्याची बरणी घेऊन त्याच्याकडे जायची आणि तो मला वाडगाभर स्काउस वाढायचा. माझा नवरा गेल्यापासून आमचा हा शिरस्ता होता. मी गॅस बंद केला, हाक मारली. ओ आली नाही. कोळशाच्या तळघराचं दार सताड उघडं होतं. खाली डोकावले तर पायऱ्यांच्या तळाशी नॅट पडलेला, डोक्याखाली रक्त. श्वास चालू होता, पण मी कितीही हलवलं तरी डोळे उघडेनात.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अर्धी गल्ली दारात जमली. नॅटला स्ट्रेचरवर घालत असतानाच त्याचा भाडेकरू सिव्हर्ट आला. जहाजावरचा निवृत्त खानसामा, मूळचा नॉर्वेचा, तीस वर्षं नॅटच्या माडीवर राहणारा. त्यानं नॅटकडे बघितलं, चेहरा पांढराफटक पडला, मग त्याची नजर चुलीवरच्या भिंतीकडे गेली.

"काथवट कुठंय?" तो म्हणाला.

सगळ्यांनी वर बघितलं. भिंतीवर नुसता खिळा होता.

मित्र रक्तबंबाळ होऊन पडलाय आणि ह्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो लाकडाच्या भांड्याबद्दल. पब चालवणाऱ्या बाईला संशय घेण्याची सवय लागलेलीच असते. तो शब्द मी मनात टिपून ठेवला. आणि ठेवला म्हणून मला स्वतःचाच राग आला, कारण सिव्हर्ट मला आवडायचा. आमच्या वयात अशा गोष्टी बोलत नाहीत, पण येत्या उन्हाळ्यात त्यानं विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.

२

त्या काथवटीवरून इतकं रामायण घडावं, असं तिच्यात बघायला गेलं तर काही नव्हतं. शिडाच्या जहाजांच्या काळात सहा-सहा खलाशांचं जेवण एका लाकडी काथवटीत वाढत, त्यातलीच ती एक. नॅटच्या आजोबांनी जहाज सोडताना घरी आणलेली. तिच्या पाठीवर मात्र जहाजाचं नाव, शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं साल आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द कोरलेला होता: स्काउसर.

म्हणजे आम्ही. लिव्हरपूलची माणसं. जग आम्हाला त्याच नावानं ओळखतं, कुणी लाडानं, कुणी नाक मुरडून. नॅटच्या मते नदीवरचा भोंगा ऐकत जो जन्मला तोच खरा स्काउसर. मर्सी नदी ओलांडून पलीकडे राहायला गेलेल्याला तो अर्धा धरायचा. सिव्हर्टला तर मोजायचाच नाही. तीस वर्षं त्याला 'नॉर्वेकर' म्हणूनच हाक मारायचा.

तपासाला आला सार्जंट एमलिन मोस्टिन. हा वेल्सचा. कडक प्रॉटेस्टंट चॅपलवाला, दारूला न शिवणारा, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. पोलीस चौकी लांब म्हणून माझ्या पबच्या मागच्या खोलीत त्यानं बस्तान मांडलं. गोदीतली अर्धी कामं तेव्हा बंद पडली होती, दुपारी गिऱ्हाईक नसायचं. मी चहा नेऊन द्यायच्या निमित्तानं दारात रेंगाळायची. त्यानं मला हाकललं नाही. त्याला माझा उपयोग होता.

"मिसेस कॉस्टिगन, बेसिनमध्ये एक वाडगा होता. पावानं पुसून खाल्लेला. नॅटचा वाडगा टेबलावर कोरडा, सिव्हर्टचा निळा वाडगा खुंटीला कोरडा. म्हणजे शनिवारी कुणीतरी येऊन जेवलं."

"नॅटच्या घरातून कुणी उपाशी जात नाही. वसुलीवाला आला तरी खाऊन जातो."

"आणि खुर्चीखाली हा सापडला." त्यानं कातड्याचा एक हातमोजा टेबलावर ठेवला. गाडी चालवताना घालतात तसला, महागाचा. "आता शुक्रवारच्या भांडणाचं सांगा."

सांगणं भाग होतं, अख्ख्या पबनं ऐकलं होतं. शुक्रवारी रात्री नॅट आणि सिव्हर्ट कोपऱ्यातल्या टेबलावर हमरीतुमरीवर आले. एरवी त्यांचं भांडण ठरलेलं असायचं. सिव्हर्ट म्हणायचा, स्काउस हा आमचाच लॅप्सकाउस, आमच्या खलाशांनी तुम्हाला खायला शिकवलं, तुम्ही नावसुद्धा उसनं घेऊन फिरता. नॅट म्हणायचा, मग तुमच्या गावात का नाही कुणाला स्काउसर म्हणत? पण त्या रात्री आवाज वेगळा होता. सिव्हर्ट म्हणाला, "तू सांगतोस की मी सांगू?" नॅट म्हणाला, "तोंड उघडलंस तर बॅगेसकट रस्त्यावर काढीन." आणि सिव्हर्ट उठता उठता म्हणाला, "एक दिवस ती काथवट मीच चुलीत घालणारे."

मोस्टिननं सिव्हर्टला बोलावून समोर बसवलं.

"काय सांगायचं होतं, मिस्टर सिव्हर्ट? कुणाला?"

"ते आमच्यातलं आहे."

"शनिवारी दुपारी कुठं होतात?"

"गोदीवर. जहाजं बघत."

"कुणी बघितलं तुम्हाला?"

"जहाजांनी."

"हे बघा, तुमचा मित्र मेला तर हा खून होतो. भांडण कशावरून झालं ते सांगा आणि घरी जा."

सिव्हर्टनं टोपी उचलली. "सांगणार नाही," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

३

दुसरी आली डॉक्टर ऑनर वेस्टकॉट. औषधाची नव्हे, शब्दांची डॉक्टर. दक्षिणेकडची, विद्यापीठात शिकवणारी, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. 'स्काउसर' ह्या शब्दाचं मूळ शोधत ती दोन महिने नॅटच्या घरी खेटे घालत होती. शनिवारी दुपारी ती गल्लीत दिसली होती, हे तीन बायकांनी मोस्टिनला न विचारता सांगितलं.

"शनिवारी मी आले होते," ती म्हणाली. "दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. आतून मांस शिजल्याचा वास येत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल."

"काथवट तुम्हाला हवी होती."

"हवी होती म्हणजे, फोटो हवे होते. सार्जंट, ती काथवट काय आहे माहितीये तुम्हाला? लॉबस्काउस हा खलाशांच्या जेवणाचा शब्द फार जुना. खारवलेलं मांस, कांदा, जहाजावरची कडक बिस्किटं. जर्मन, डॅनिश, नॉर्वेजियन, सगळ्यांकडे तो आहे."

"आमच्याकडेपण," मोस्टिन म्हणाला. "लॉबस्गाउस. माझी आई करायची."

"बघा. कुणी कुणाकडून घेतला, छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. लिव्हरपूलची गरीब माणसं तो खायची, म्हणून पदार्थाचं नाव माणसांना चिकटलं. पण कधी? छापलेल्या कागदांत माणसांसाठी हे नाव खूप उशिरा, ह्या शतकात सापडतं. ती काथवट खरी असेल तर ते नाव कितीतरी मागे जातं. पुढच्या महिन्यात मी ते जाहीर करणार होते."

"नॅटला शेवटचं कधी भेटलात?"

"शुक्रवारी संध्याकाळी. त्यांनी मला जेवायलाच बसवलं." ती जराशी घुटमळली. "खरं सांगू, मला वाईट वाटलं. नुसते बटाटे, गाजर, कांदा. मांसाचा कणसुद्धा नव्हता. म्हाताऱ्याचे इतके हाल असतील असं वाटलं नव्हतं. आणि कोबीचं लोणचं बरणीच्या तळाशी उरलेलं, तेसुद्धा खरवडून मलाच वाढलं. स्वतःला घेतलं नाही."

मी हसू दाबलं आणि कप उचलून बाहेर गेले. ह्या शिकलेल्या बायकांना कुणाकुणाची कीव येते, ह्याचं मला नेहमी नवल वाटतं. त्या वेळी मी तोंड उघडून दोन शब्द बोलले असते तर पुढचे मनस्ताप वाचले असते. पण विचारल्याशिवाय कशाला बोला, म्हणून गप्प बसले.

४

तिसरा होता डेक्लन, नॅटच्या दिवंगत बहिणीचा एकुलता एक मुलगा. आमच्याच गल्लीत लहानाचा मोठा झाला, मग लग्न करून नदीपलीकडे गेला. तिथं त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, पितळी होकायंत्रं आणि बाटलीतली जहाजं विकायचा. हल्ली बोलतानासुद्धा पलीकडच्या लोकांसारखा तोंड आवळून बोलायचा.

मोस्टिन त्याला त्याच्या दुकानात जाऊन भेटला. तिथं मी नव्हते. काय बोलणं झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, पण क्रमानं यावं म्हणून इथंच सांगते.

हातमोजा बघताच डेक्लन म्हणाला, "माझाच आहे. सापडला म्हणायचा. शुक्रवारी दुपारी मामाकडे गेलो होतो, तेव्हा राहिला असणार."

"शुक्रवारी? शनिवारी नाही?"

"शनिवारी दिवसभर मी दुकानातच. गिऱ्हाइकांची रीघ असते. सार्जंट, त्या विद्यापीठातल्या बाईकडे बघा जरा. माझ्या दुकानात आली होती, असल्या काथवटी कुठं मिळतात विचारत. तिच्याच तोंडून मला कळलं की मामाच्या भिंतीवर एवढी मोलाची चीज टांगलीये. आणि तो नॉर्वेवाला. फुकटात राहतो माडीवर."

"फुकटात?"

"म्हणजे भाडं काय देत असेल तो. मामा भोळा आहे हो. दारात येईल त्याला वाढत बसतो."

"तुम्हालापण वाढलं का शुक्रवारी?"

"सोडतोय होय? मोठा वाडगाभर स्काउस. मटण असं शिजलेलं की चमच्यानं तुटावं. तेवढी कोबी मात्र नव्हती. रिकामी बरणी होती नुसती. कोबीशिवाय स्काउस म्हणजे काय मजा. तरी पुसून खाल्ला."

मोस्टिननं ते सगळं लिहून घेतलं, खाली डेक्लनची सही घेतली, आणि नदी ओलांडून परत आला. एका गोष्टीनं त्याला बेचैन केलं होतं. एकाच दिवशी, एकाच हंडीतून दोन माणसं जेवली. एक म्हणते मांसाचा कण नव्हता, दुसरा म्हणतो चमच्यानं मटण तुटत होतं.

दोघांतलं एक खोटं बोलत होतं, आणि त्याला वाटलं ती बाई.

५

गुरुवारी नॅट शुद्धीवर आला. मी हॉस्पिटलात होते तेव्हा मोस्टिन त्याच्या उशाशी बसला.

"नॅट, कुणी ढकललं तुम्हाला?"

"घसरलो," नॅट म्हणाला.

"आणि काथवट? तीपण घसरली?"

नॅटनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मला दिसलं. ज्याला मी चाळीस वर्षं ओळखते, गोदीत पाय मोडला तेव्हासुद्धा शिव्या घालत हसणारा तो माणूस.

बाहेर आल्यावर मोस्टिननं पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. "कुणालातरी पाठीशी घालतोय. परक्या बाईसाठी कुणी असं करत नाही. भाचा तर दुकानात होता. मग राहिलं कोण? तीस वर्षांचा मित्र. उद्या संध्याकाळी मी सिव्हर्टला ताब्यात घेतोय."

घरी जाताना नॅटच्या दारावरून गेले. सिव्हर्टच्या खोलीत दिवा होता. मी माडीवर गेले. त्यानं कपडे बॅगेत भरलेले होते.

"पळतोयस?"

"नाही. तुरुंगात जावं लागलं तर नेईन. सोडलं तर बहिणीकडे जाईन, नॉर्वेत स्टाव्हान्गरला." तो शर्टाची घडी घालत राहिला. "आज पाववाल्यानं माझ्या हातात सुटे पैसे दिले नाहीत, गं. फळीवर ठेवले. तीस वर्षं तो मला हातात देतोय."

"मग सांगून टाक ना कशावरून भांडलात ते."

"तुलापण वाटतं का मी केलं असेल?"

मला लगेच नाही म्हणता आलं नाही. त्यानं ते बघितलं आणि बॅगेचा पट्टा ओढला.

शुक्रवार उजाडला. दुपारी मोस्टिन पबात येऊन लिंबू सरबत घेऊन बसला. संध्याकाळचं काम त्यालाही नको वाटत असावं. एवढ्यात एक परगावचा ट्रकवाला आत आला आणि काउंटरवर हात आपटून म्हणाला, "बाई, दोन मटण-पॅटिस."

"आज नाहीत."

"संपले?"

"केलेच नाहीत. शुक्रवार आहे. मासा खायचा तर खा."

ट्रकवाला कुरकुरत बसला. मोस्टिनचा ग्लास तोंडापाशीच थांबला.

"शुक्रवारी तुम्ही मटण करत नाही?"

"आमच्या बाजूच्या गल्ल्यांत कुठलंच जुनं घर करत नाही. कॅथलिक आहोत आम्ही. रोमहून सूट मिळाली म्हणे मध्यंतरी, पोरं खातात. आमच्या घशाखाली उतरत नाही."

"आणि नॅट?"

"नॅट तर विचारूच नका. शुक्रवारी त्याचा आंधळा स्काउस असतो. आंधळा म्हणजे बिनमांसाचा. शनिवारी सकाळी खाटकाकडून मटण आणून त्याच हंडीत घालतो. आम्ही म्हणतो, नॅटच्या हंडीला शनिवारी डोळे फुटतात."

मोस्टिननं ग्लास खाली ठेवला. मग खिशातून डेक्लनचा जबाब काढून माझ्यासमोर धरला आणि बोटानं एक ओळ दाखवली. मी वाचली. पुन्हा वाचली.

"अरे मेल्या," मी म्हणाले. हे सार्जंटला उद्देशून नव्हतं.

६

संध्याकाळी नॅटच्या स्वयंपाकघरात मोस्टिननं सगळ्यांना बोलावलं. 'काथवटीबद्दल थोडं विचारायचंय' एवढंच सांगितलं होतं. वेस्टकॉटबाई पर्स मांडीवर घेऊन बसली. डेक्लन घड्याळाकडे बघत होता, त्याला शेवटची होडी गाठायची होती. दारात एक शिपाई. सिव्हर्ट चुलीपाशी उभा होता. मोस्टिननं त्याला हंडी चढवायला सांगितली होती आणि त्यानं का म्हणून विचारलं नव्हतं.

"आधी जेवून घेऊ," मोस्टिन म्हणाला. "ह्या घरात तशी रीत आहे म्हणतात."

सिव्हर्टनं वाडगे भरले. वेस्टकॉटबाईनं मुकाट्यानं चमचा उचलला. मी माझ्या वाडग्यात पाव बुडवला. डेक्लननं एकदा ढवळलं, दुसऱ्यांदा ढवळलं, चमचा तळापर्यंत घातला.

"मटण कुठंय ह्यात?" तो म्हणाला.

हंडीचं झाकण तेवढं खुडखुडत होतं. सिव्हर्टनं हळूच मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्याही डोक्यात प्रकाश पडलेला मला दिसला.

"आज कुठला वार, डेक्लन?" मी विचारलं.

"शुक्रवार. का?" आणि मग त्याचा चमचा थांबला. चेहऱ्यावरून रंग उतरत जाताना मी बघत होते. त्याची आई ह्याच चुलीवर दर शुक्रवारी आंधळा स्काउस करायची, ह्याच टेबलावर तो खाऊन शाळेत जायचा. नदीपलीकडे त्याच्या घरात कुठल्याही वारी काहीही शिजत होतं. शुक्रवार त्याच्या डोक्यातून साफ निघून गेला होता.

"तो नियम कधीच उठला," तो म्हणाला. "पोपनं उठवला."

"पोपनं उठवला असेल. नॅटनं नाही उठवला."

मोस्टिननं जबाब उलगडला. "गेल्या शुक्रवारी तुम्ही इथं मटणाचा स्काउस खाल्लात म्हणता. शुक्रवारी ह्या हंडीत मटण नव्हतं. डॉक्टर वेस्टकॉट त्या संध्याकाळी जेवल्या, त्यांना ते दिसलं नाही. मटण पडलं शनिवारी सकाळी, मी खाटकाला विचारलंय. दुसरं, कोबी. तुम्ही म्हणता बरणी रिकामी होती. शुक्रवारी दुपारी ती रिकामी नव्हती, कारण संध्याकाळी डॉक्टर वेस्टकॉटना त्यातली शेवटची कोबी वाढली गेली. आणि शनिवारी संध्याकाळी मिसेस कॉस्टिगननी नवी बरणी आणली. म्हणजे मटण आहे आणि कोबी नाही, अशी वेळ एकच. शनिवारची दुपार. तुम्ही दुकानात होतो म्हणता ती."

"चुकून काहीतरी बोललो असेन."

"सही केलीत. आत्ता माझी माणसं तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहेत. तिथं काही सापडणार नसेल तर होडी गाठा तुमची."

डेक्लन उठला नाही. चमचा खाली ठेवून म्हणाला, "मी ढकललं नाही. त्यानं मला वाढलं. मी काथवट मागितली, नाही म्हणाला. कोळसे आणायला तो खाली गेला तशी मी ती उतरवली. तो वर आला, हिसकायला लागला. मी फक्त हात सोडवला."

"आणि त्याला खाली सोडून गेलास," मी म्हणाले. "गॅस चालू, मामा तळघरात."

"मला वाटलं मेला."

"मेला असता तर सिव्हर्ट फासावर लटकल्यागत झाला असता, तेही चाललं असतं तुला."

शिपायानं डेक्लनच्या खांद्यावर हात ठेवला. नॅटनं बहिणीच्या पोराला वाचवायला तोंड मिटलं होतं, आणि पोरानं आपल्याच तोंडानं स्वतःला बुडवलं.

७

नॅट घरी आला त्या दिवशी पुन्हा शुक्रवारच होता. डोक्याला पट्टी, हातात काठी. मोस्टिननं काथवट स्वतः आणून टेबलावर ठेवली. वेस्टकॉटबाई तिच्यावरून बोटं फिरवत होती.

सिव्हर्टची बॅग दारापाशी होती. रात्रीच्या जहाजाचं तिकीट काढलेलं. मी थांबवायचा प्रयत्न केला, त्यानं फक्त मान हलवली. पाववाला माफी मागायला आला होता, तरी.

"मिस्टर टिअर्नी," वेस्टकॉटबाई म्हणाली, "तुमची परवानगी असेल तर पुढच्या महिन्यात मी हे जाहीर करते."

"करू नका," नॅट म्हणाला. "काथवट आजोबांची आहे. जहाजाचं नाव खरं. साल आणि 'स्काउसर' हा शब्द मी कोरलाय."

बाईचं बोट जागच्या जागी थांबलं.

"चौदा वर्षांचा होतो. वरच्या वस्तीतल्या शाळेत नाव घातलं होतं, हुशार म्हणून. डब्यात थंड स्काउस असायचा. पोरं नाक धरून ओरडायची, स्काउसर आला, स्काउसर आला. भिकारडा म्हणतात ना, तसं. घरी आलो आणि रागानं ही उतरवून सुऱ्यानं कोरलं. म्हटलं, असं जुनं दिसू दे की कुणाच्या बापाला हसता येणार नाही. मग ते सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं."

वेस्टकॉटबाईनं डोळे मिटून घेतले. दोन महिन्यांचं तिचं काम पाण्यात गेलं होतं, आणि ज्या चिजेसाठी डेक्लन कोठडीत बसला होता ती कवडीमोलाची होती.

मोस्टिन मात्र सिव्हर्टकडे बघत होता. "तुम्हाला हे माहीत होतं."

"पहिल्या वर्षापासून," सिव्हर्ट म्हणाला. "सुऱ्याची खूण कळते मला. त्या रात्री मी एवढंच म्हणत होतो की बाई फसतील, त्यांना सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगतो."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत? ती खोटी आहे हे ठाऊक असलेला माणूस ती चोरेलच कशाला? एका वाक्यात सुटला असतात तुम्ही."

"ते वाक्य माझं नव्हतं," सिव्हर्ट म्हणाला. "नॅटचं होतं. तो बेशुद्ध होता."

त्यानं टोपी घातली आणि बॅग उचलली. मला त्याच्याकडे बघवेना. त्या रात्री माडीवर मी जे बोलू शकले नव्हते ते आता बोलून काही उपयोग नव्हता, तरी मी म्हणाले, "जाऊ नकोस, सिव्हर्ट. माझं चुकलं." तो थांबला, पण बॅग त्याच्या हातातच होती.

नॅट काठी टेकत उठला. चुलीपर्यंत गेला, खुंटीवरचा निळा वाडगा काढला, हंडीतून आंधळा स्काउस त्यात वाढला आणि सिव्हर्टच्या जागेवर ठेवला.

"थंड होतोय," तो म्हणाला. "ती बॅग ठेव खाली, स्काउसर."

तीस वर्षांत त्यानं त्याला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. सिव्हर्ट दारात उभाच राहिला. मग त्यानं टोपी काढली, तोंडावरून हात फिरवला आणि खुर्ची ओढली. मी कोबीची नवी बरणी उघडून मध्ये ठेवली.